तिचा सोमवार, माझी साखर

मी मराठी चौथीपर्यंत शिकलो. पुढं रेल्वेत खलाशी म्हणजे हाताखालचा मदतनीस लागलो, मग फिटर झालो. जन्मभर हातात पाना होता, पेन नव्हता. तेव्हा शुद्धलेखन बघू नका. ज्यांना नुकतीच शुगर निघाली आहे आणि जे छाती ठोकून सांगतात की "मी तर गोड खातच नाही", त्यांनी एवढं वाचावं. मी पण तेच सांगत होतो. आज माझ्या उजव्या पायाला चार बोटं आहेत.

निघाली त्या दिवशी

आम्ही मूळचे भुसावळकडचे. बदली होऊन जयपूरला आलो आणि इथलेच झालो. शास्त्री नगरात घर घेतलं. शुगर निघाली ती रेल्वेच्या तपासणीत. डॉक्टर म्हणाला, "मीठा बंद, गोली चालू." एवढंच. मी पण विचारलं नाही. माणूस घाबरला की प्रश्न सुचत नाहीत, बाहेर पडल्यावर सुचतात.

घरी येऊन कमलला सांगितलं. कमल म्हणजे माझी बायको. ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं ठेवलं, साखरेचा डबा उचलला आणि शेजारणीला देऊन आली. त्या दिवसापासून घरात सगळ्यांनाच फिक्का चहा. पोरगा मनोज तेव्हा कॉलेजात होता, तो ओरडला, "शुगर बाबांना आहे, शिक्षा मला का?"

कमल म्हणाली, "डबा घरात असला की त्यांचा हात जातो. मी ओळखते त्यांना."

पुढच्या सोमवारी ती महादेवाच्या देवळात गेली आणि व्रत घेऊन आली. यांची साखर ताब्यात राहू दे, डोळे-पाय शाबूत राहू देत, मी जन्मभर तुझे सोमवार करीन.

मी म्हटलं, "साखर माझी आणि उपाशी तू? हा कुठला हिशोब?"

"हिशोब तुम्ही डब्यांच्या चाकांचे करा. देवाचा मी बघते."

सोमवारी दुपारी ती वाटीभर साबुदाण्याची खिचडी खायची. मी चिडवायचो, "एकादशी आणि दुप्पट खाशी." ती माझ्या ताटात चमचाभर टाकायची, "चव बघा, बस्स." मला तो कंजूसपणा वाटायचा. संध्याकाळी दिवा लावला की उपास सोडायचा. पण ती आधी माझं ताट वाढायची. मी जेवायचो. मग विचारायची, "गोळी घेतली का?" मी घेतली म्हटलं की म्हणायची, "मग मी सोडते आता." ड्यूटीवरून यायला मला कितीही उशीर झाला तरी तसंच. मी गोळी घेतल्याशिवाय तिनं कधी उपास सोडला नाही.

ती गेली

यावर जास्त लिहिणार नाही. थंडीचे दिवस होते. इथं थंडी फार पडते. भरताचं वांगं गॅसवर ठेवलेलं होतं. वांगं जळाल्याचा वास आला म्हणून मी आत गेलो. ती खाली पडलेली होती. हार्ट. डॉक्टर म्हणाला, तिला कळलं पण नसेल. असं ते सगळ्यांनाच सांगत असतील.

शुगर मला, गोळ्या मला, आणि गेली ती. लोक म्हणायचे, सवाष्ण गेली, पुण्यवान बाई. मी एकाला म्हटलं, "पुण्य तिचं, मी काय करू ते सांग." तो परत आला नाही.

तेरावं झालं. पाहुणे गेले. मग सोमवार आला. सकाळी चहा घेताना माझ्या लक्षात आलं की आज घरात उपास कुणालाच नाही. तिनं जन्मभराचं व्रत घेतलेलं आणि ते असं मधेच तुटणार. मला ते सहन होईना. मी सुनेला सांगितलं, माझी पोळी टाकू नको.

सून पूनम. सीकरची आहे, मारवाडी. घरात हिंदी बोलते, माझ्याशी अधूनमधून मराठी बोलायचा प्रयत्न करते. ती म्हणाली, "पापाजी, तुम्ही काहीच खाणार नाही?"

मनोज म्हणाला, "बाबा, डायबिटीसमध्ये उपास करतात का?"

"तुझी आई करत होती."

"आईला डायबिटीस नव्हता."

"गप बस."

तरी मी डॉक्टरला विचारलं, अगदीच अडाणी नाही. ओपीडीत गर्दी होती. मी सांगितलं, सोमवार का व्रत करता हूँ. त्यानं मान वर न करता विचारलं, "व्रत में क्या खाते हो?"

"कुछ नहीं."

"फिर उस दिन ये वाली गोली मत लेना. खाली पेट शुगर गिर जाएगी."

मी खोटं बोललो नाही, हे लक्षात घ्या. आमच्याकडं पोळी, भाजी, भात, वरण खाल्लं तर खाल्लं म्हणतात. खिचडी हा फराळ. फराळाला कुणी खाणं म्हणत नाही. तुमच्या घरात पण हेच असेल. उपास असलेल्या माणसाला विचारून बघा काय खाल्लं. तो काही नाही म्हणेल आणि त्याच्या ओठाला दाण्याचं कूट लागलेलं असेल.

खिचडी मी स्वतः करायचो. पूनमला हात लावू देत नव्हतो. कमल वाटीभर करायची, मला अंदाज नाही. माझा साबुदाणा भिजून पातेलंभर व्हायचा. दुपारी ताटभर, उरलेली संध्याकाळी. त्यात बटाटा. कधी बरोबर रताळं, कधी वरीचा भात. पोट टम्म. खिचडीत आपल्याकडं चिमूटभर साखर पडते, तेवढी मात्र मी बंद केली होती. वाटायचं, किती जपतो मी.

गोळी त्या दिवशी बंद. डॉक्टरनंच सांगितलेलं. आणि सोमवार झाला की एकादशी, चतुर्थी. तिचं काहीही मी सोडलं नाही.

पाय

सोमवारी ती देवळात अनवाणी जायची, म्हणून मी पण अनवाणी. जेठातलं ऊन काय असतं ते जयपूरला येऊन बघा. देवळाचं अंगण दगडी. बाया उड्या मारत सावलीला पळत होत्या. मी आपला सावकाश तांब्या घेऊन चाललेलो. पुजारी म्हणाला, "बाबूजी, आपके पैर नहीं जलते?" मी म्हटलं, महादेवाची कृपा आहे.

कृपा कसली. शुगरनं पायांची जाणीवच गेली होती.

घरी आल्यावर अंगठ्याशेजारच्या बोटाला फोड दिसला. दुखत नव्हता, म्हणून सोडून दिला. हे लक्षात ठेवा, शुगरवाल्याचं दुखत नाही तेव्हाच घाबरायचं असतं. फोड फुटला, खालून पाणी आलं, मग वास आला. वास पूनमला आला. तिनं माझ्यासमोर खाली बसून माझा मोजा काढला आणि तोंडावर पदर धरला. बोट काळं पडलं होतं. कमल असती तर फोडाच्या दिवशीच दिसला असता. रोज झोपताना ती माझे तळपाय बघायची. मला वाटायचं, चाळा आहे हिचा.

वॉर्ड

मोठ्या सरकारी दवाखान्यात भरती झालो. सकाळी झाडूवाली, मग चहा, मग सुई टोचून शुगर बघणार, मग इन्सुलिन, मग ड्रेसिंग. ड्रेसिंगची ट्रॉली लांबून वाजत यायची आणि सगळा वॉर्ड गप्प व्हायचा. भीती काय असते ते त्या चाकांच्या आवाजात कळतं. मी जन्मभर चाकं दुरुस्त केली, पण तसा आवाज ऐकला नव्हता.

शेजारच्या खाटेवर मुरलीपुऱ्याचे रामस्वरूपजी होते. पिठाची चक्की चालवायचे. त्यांचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता, दुसऱ्याला जखम होती. माणूस हसता. मला म्हणाले, "मराठे, घबराओ मत. जूते का खर्चा आधा हो जाता है."

मी म्हटलं, "आपका तो आधा हुआ. दुकानदार एक जूता देता है क्या?"

"नहीं देता, साला. दूसरा घर में पड़ा है. तुम ले जाना."

असं हसून घेतलं की तासभर बरं जायचं.

बोट कापलं. वाचणार नव्हतंच. भूल उतरल्यावर मी पट्टी बघितली आणि आठवलं, कमल ह्याच बोटात जोडवं घालायची. तिची जोडवी पेटीत आहेत आणि माझं बोट कुठं गेलं ते कुणी सांगितलं नाही.

पण जखम सुकेना. टाके ओले. मोठा सर्जन आला, पट्टी उघडून बघितली, कागद बघितला. मनोजला बाहेर नेऊन काहीतरी बोलला. मनोज आत आला तेव्हा माझ्याकडं बघत नव्हता. मी म्हटलं, "तोंड उघड."

"बाबा, शुगर खाली येत नाहीये. असंच राहिलं तर जखम वर चढेल. मग... घोट्यापासून."

"पाऊल?"

त्यानं मान हलवली. रामस्वरूपजींनी तोंड भिंतीकडं केलं. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण हे कळलं.

सोमवार

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी दवाखान्याचं जेवण परत पाठवलं. मागच्या सोमवारी पण पाठवलं होतं. नर्सनं विचारलं, "खाना नहीं खाया?" मी म्हटलं, "व्रत है." ती म्हणाली, मग जेवणाआधीचं इन्सुलिन देत नाही, चक्कर येईल. कागदावर तसं लिहून गेली.

मग पूनम आली. घरचं सगळं आवरून, दोन गाड्या बदलून, डबा घेऊन. डब्यात खिचडी. आता मी घरी नव्हतो म्हणून तिनं केली होती, सासूनं शिकवली तशी. साबुदाणा मोकळा, दाण्याचं कूट खमंग, वर तूप. बटाटा भरपूर, कारण मी अशक्त. तिनं मोठ्या मायेनं वाढली आणि मी पोटभर खाल्ली. खोटं कशाला बोलू, दवाखान्यात तेवढंच एक बरं वाटत होतं. त्या घासात कमल होती.

रामस्वरूपजी बघत होते. म्हणाले, "मराठे, व्रत में इतना खाते हो, तो बिना व्रत के कितना खाते होगे?"

दोन तासांनी सुई टोचली. मशीनवर साडेतीनशेच्या वर आकडा. नर्सनं दुसऱ्या बोटाला टोचलं. तेवढाच. ती धावत गेली. मी ऐकलं ती कुणाला सांगत होती, "सुबह से भूखा है, इन्सुलिन भी नहीं दिया, फिर भी इतनी. इन्फेक्शन बढ़ गया लगता है."

तेव्हा मी पायाकडं बघितलं. चादरीखाली तो होता तसाच होता. मनात म्हटलं, घे बाबा, उद्या तू पण नाहीस.

तेवढ्यात एक डॉक्टरीणबाई आल्या. शुगरचं बघणाऱ्या. तरुण, केस बांधलेले, चालणं घाईचं. कागदावरचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "काका, मराठी का तुम्ही?"

कमल गेल्यापासून घराबाहेर कुणी माझ्याशी मराठीत बोललं नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं. त्या थांबल्या. स्टूल ओढून बसल्या. डॉक्टर बसला की निम्मं दुखणं जातं, हे कुठल्याही डॉक्टरनं वाचलं तर वाचू दे.

"नाशिकची मी," त्या म्हणाल्या. "सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणे?"

"नाही. सोमवार आहे."

त्यांनी माझ्या उशाकडं बघितलं. तिथं डबा होता, झाकण अर्धवट. आणि त्यांनी वेगळंच विचारलं. म्हणाल्या, "बरं. मग फराळाला काय केलं होतं?"

"साबुदाण्याची खिचडी."

"किती?"

मी डबा दाखवला.

"बटाटा?"

"होता. पण साखर नाही घातली हां. साखर मी केव्हाच बंद केलीय."

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग हसल्या. म्हणाल्या, "काका, माझी आजी पण असंच म्हणायची. चूक आमचीपण आहे. आम्ही विचारतो खाल्लं का, आणि तुम्ही 'नाही' म्हणता ते तुमच्या हिशोबानं खरंच असतं."

पोळीचा घास

मी म्हटलं, साबुदाण्यात कुठली आली साखर? खारट-तिखट खिचडी ती.

त्यांनी दवाखान्याच्या ताटातला पोळीचा तुकडा आणवला. "उपास मोडायचा नाही तर गिळू नका. नुसतं चावत राहा. मी सांगेपर्यंत चावा."

मी चावत राहिलो. आधी पिठाची चव. मग काहीच नाही. मग जिभेवर हळूहळू गोड. कुणी साखर घातल्यासारखं.

"गोड लागतंय."

"साखर घातली होती का कुणी?"

मी तुकडा कागदात थुंकला.

त्या म्हणाल्या, "पोळी, भात, बटाटा, साबुदाणा, वरी, रताळं, सगळ्यांत पिष्ट असतं. तोंडातच त्याची साखर व्हायला लागते, पोटात सगळी होते. पोळीत थोडा कोंडा असतो, डाळीत आणखी बरंच काही असतं, ते जरा अडवून धरतं. साबुदाण्यात अडवायला काही नाही. नुसतं पिष्ट. तुमच्यासाठी तो साखरेचा मोठा भाऊ समजा. आणि त्याच दिवशी गोळी बंद, इन्सुलिन बंद."

म्हणजे ब्रेक काढून गाडी उतारावर सोडलेली. हे मला समजलं. एवढं रेल्वेनं शिकवलंय.

"पाय राहील का?"

"खात्री देत नाही. शुगर खाली आली तर जखमेला संधी मिळेल. सर्जनना मी थांबायला सांगते. पण उपास बंद करायचे, काका. सगळे."

मी म्हटलं, "बाई, बोट नेलंत, पाऊल पण न्या. सोमवार मी सोडणार नाही. तो माझा नाही, तिचा आहे."

त्या उठल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. वाद घातला नाही.

सून

बाहेर मनोज पूनमवर ओरडत होता. आवाज आत येत होता. "तुला एवढं पण कळत नाही? डबे भरभरून घेऊन येतेस!"

मी हाक मारली, "मनोज! आत ये. डबा मी मागितला होता. आवाज खाली. आणि तुला जर एवढं कळत होतं तर तू का नाही सांगितलं? तू पण तीच खिचडी खातोस ना सोमवारी? मग तिला कशाला बोलतोस?"

तो खुर्चीवर बसला आणि रडायला लागला. आई गेली तेव्हा रडला नव्हता. पाहुण्यांचं बघण्यातच त्याचा वेळ गेला होता. मी त्याला रडू दिलं. रामस्वरूपजींनी आपला टॉवेल पुढं केला.

पूनम डबा धुऊन आली. खाटेच्या कडेला बसली. ती कधी माझ्यासमोर खाटेवर बसत नाही. म्हणाली, "पापाजी, एक बात पूछूँ? मम्मीजी का सोमवार किसलिए था?"

मी म्हटलं, "तुला ठाऊक आहे."

"मुझे बताया था उन्होंने. महादेवजी से आपके पैर माँगे थे, आँखें माँगी थीं. अपने लिए कुछ नहीं." तिनं डोळे पुसले. "और आप वही पैर उनको वापस दे रहे हो?"

जन्मात कुणी मला असं बोललं नव्हतं. कमल पण नाही.

ती म्हणाली, "व्रत तोडते नहीं, पापाजी, पर पूरा तो करते हैं. हमारे सीकर में उजमणा करते हैं. बैठ के, खिला के, हाथ जोड़ के. आपके यहाँ नहीं होता?"

होतं की. आमच्याकडं पण व्रत उजवतात. उद्यापन करतात. माझ्या आईनं केलेलं मी बघितलंय. पण दुःखात माणसाला धरून ठेवायचं तेवढं कळतं, ठेवून द्यायचं सुचत नाही.

मी म्हटलं, "पण जिचं व्रत तीच नाही. मग ते पूर्ण होतं का?"

"पूछ लूँगी मंदिर में."

तिनं विचारलं. पुजारी म्हणाला, घरवाले पूरा कर दें तो पूरा.

पुढचा सोमवार मी वॉर्डातच काढला. सकाळी दवाखान्याची पोळी आणि डाळ खाल्ली. पहिला घास हातातच धरून बसलो. नर्स इन्सुलिन घेऊन उभी होती. रामस्वरूपजी म्हणाले, "खा ले भाई. भाभीजी देख रही होंगी तो डाँटेंगी." मी खाल्लं.

जखम हळूहळू सुकायला लागली. सर्जन परत कापायचं बोलला नाही. रामस्वरूपजींचा दुसरा पाय मात्र राहिला नाही. मी सुटलो त्या दिवशी त्यांचा हात धरला तर म्हणाले, "अब दोनों जूते तुम्हारे." ह्या वेळी मला हसता आलं नाही.

मी काय शिकलो ते

मनोजनं सुई टोचायचं यंत्र आणलं. आता जेवणानंतर दोन तासांनी मी स्वतः टोचून बघतो. माझ्या अंगाचं सांगतो, तुमचं तुम्ही तपासा आणि तुमच्या डॉक्टरला विचारा. ताटभर भात खाल्ला की चढते. उकडलेला बटाटा नुसता खाल्ला की चढते. इथली दाल-बाटी खाल्ली तर दोष डाळीचा नसतो, बाटीचा असतो. सकाळी पोहे म्हणजे हलकं काहीतरी, असं मी समजायचो. पोहे म्हणजे भातच, चपटा केलेला. ब्रेड तसाच. तोच भात अगदी थोडा, सोबत डाळ, पालेभाजी, काकडी, दही घेतलं तर तेवढी चढत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी मला मानवते, पण मानवते म्हणून तीन खाल्ल्या तर ती पण सोडत नाही. भाकरी काही औषध नाही.

गोड लागत नाही म्हणजे साखर नाही, असं समजू नका. शंका आली तर घास तोंडात धरून चावत राहा.

डॉक्टरनं उपासाला काय खाता विचारलं तर "काही नाही" म्हणू नका. फराळ, प्रसाद, चहाबरोबरचं टोस्ट, सगळं सांगा. लाज वाटली तरी सांगा. गोळी कमी-जास्त करायची ती त्यानंतर. आणि रोज तळपाय बघा. स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांना दाखवा. आता माझे पूनम बघते. मला लाजल्यासारखं होतं. ती म्हणते, "मम्मीजी का काम है, मैं तो बस ड्यूटी पर हूँ."

उद्यापन

बूट घालून चालता यायला लागलं तेव्हा एक सोमवार धरला. बुटात बोटाच्या जागी कापूस घालतो. देवळात गेलो, पण दगडावर अनवाणी नाही. पुजाऱ्यानं चटई टाकली होती, मोजे घालून तिच्यावर बसलो. पूजा केली. हात जोडले आणि सांगितलं, तिनं तुझ्याकडं जे मागितलं ते तू बरंचसं दिलंस. एक बोट कमी, त्यात चूक माझी. आता तिचं व्रत पुरं कर.

उद्यापनाला जोडपं जेवायला बसवतात. दुसरं कोण आणणार, मनोज-पूनमलाच पाटावर बसवलं. पूनम लाजून म्हणाली, "पापाजी, मी वाढते." मी म्हटलं, "आज तू खायचंस." मीच वाढलं. खीर, पुरी, भाजी त्यांना. माझ्या हातून खीर थोडी सांडली, मनोज हसला.

मग त्यांनी मला बसवलं. ताटात कळण्याची भाकरी होती. आमच्याकडं ज्वारीत उडीद घालून दळतात, ती. पूनमनं भुसावळला माझ्या बहिणीला फोन करून विचारलं होतं आणि पीठ घरी दळलं होतं. भाकरी जरा जाड झाली होती, कडेला चिरली होती. वरण होतं. काकडी होती. आणि वांग्याचं भरीत होतं.

कमल गेल्यापासून ह्या घरात वांगं भाजलं नव्हतं. वास आला आणि मी उठायला लागलो. पूनम म्हणाली, "बैठो पापाजी. गैस मैंने खुद बंद की है. मी उभी होते तिथे, पूर्ण वेळ."

मी बसलो. भाकरी मोडली. हळू चावली, ती गोड होईपर्यंत. भरीत खाल्लं. सगळं ताट संपवलं. पूनमनं पाणी दिलं, तळहातावर गोळी ठेवली. सोमवारची गोळी. मी घेतली.

भिंतीशी कमलचा फोटो आहे. त्याच्यासमोर नैवेद्याचं ताट ठेवलेलं होतं, दिवा लागलेला होता. मी गुडघ्यावर हात टेकून उठलो आणि तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

म्हटलं, "जेवलो. गोळी घेतली. तू आता सोड उपास."